राज्याभिषेक, राज्यारोहण, मंचकारोहण: कोणता शब्द कुठे?

तळटीप:
एका मजकुरात 'राजे चार्ल्स यांचे राज्यारोहण ६ मे २०२३ रोजी झाले' असं वाक्य आहे. तिथे 'राज्याभिषेक' हवं ना? आणि मंचकारोहण, सिंहासनारोहण, पट्टाभिषेक हे सगळे एकाच गोष्टीला पर्यायी शब्द आहेत का?

पोथीवाला:
बदलाच. चार्ल्स राजे झाले ८ सप्टेंबर २०२२ ला, आई वारल्या त्याच क्षणी. ते राज्यारोहण. वेस्टमिन्स्टर ॲबीतला विधी आठ महिन्यांनी झाला, तो राज्याभिषेक. त्यांच्या आईच्या बाबतीत तर अंतर सोळा महिन्यांचं: ६ फेब्रुवारी १९५२ आणि २ जून १९५३. आठवे एडवर्ड जानेवारी १९३६ मध्ये गादीवर आले आणि डिसेंबरात पायउतार झाले. त्यांचं राज्यारोहण झालं, राज्याभिषेक झालाच नाही. तरी राजांच्या यादीत ते आहेतच.

शंकासुर:
पण तिकडे मुकुट घालतात, डोक्यावर पाणी कुठे ओततात? 'मुकुटधारण' म्हणा की सरळ.

पोथीवाला:
पाणी नाही, तेल. आर्चबिशप ते चमच्यात घेऊन राजाच्या हातांना, छातीला आणि मस्तकाला लावतात. सगळ्या सोहळ्यात हाच भाग सर्वांत पवित्र मानतात, म्हणून २०२३ मध्ये भोवती पडदे धरले होते आणि १९५३ मध्ये टीव्हीवर तेवढाच भाग दाखवला नव्हता. चार्ल्ससाठीचं तेल जेरुसलेममध्ये मंत्रून आणलं होतं. मुकुटाची पाळी त्यानंतर येते. सेंट एडवर्डचा तो मुकुट १६६१ चा, दोन किलोंहून जड. विधीपुरता डोक्यावर ठेवतात आणि ॲबीतून बाहेर पडताना दुसरा, हलका घालतात. तेव्हा 'राज्याभिषेक' तिथे चपखल बसतो.

नेपोलियनचं उदाहरण याहून बोलकं आहे. २ डिसेंबर १८०४ ला पॅरिसच्या नोत्र दामात मुकुट त्याने स्वतःच्या हाताने घातला, पण तेल मात्र पोपकडून लावून घेतलं.

जिथे तेलही नाही आणि पाणीही नाही तिथे हा शब्द वापरू नये. नेदरलँड्समध्ये २०१३ ला विलेम-अलेक्झांडर यांचा शपथविधी झाला. मुकुट शेजारी मेजावर ठेवलेला, डोक्यावर चढलाच नाही. डेन्मार्कमध्ये जानेवारी २०२४ ला सज्जातून नुसती घोषणा. वर्तमानपत्रांतून मात्र सगळ्यांनाच राज्याभिषेक!

मोडीवाचक:
मराठेशाहीत हा फरक नीट पाळावा लागतो. संभाजीराजांचं मंचकारोहण जुलै १६८० चं, राज्याभिषेक जानेवारी १६८१ चा. १६८९ मध्ये संभाजीराजे पकडले गेल्यावर रायगडावर राजाराम महाराजांचं घाईने मंचकारोहण केलं. मंचकारोहण म्हणजे कारभार हाती घेऊन गादीवर बसणं. गादी रिकामी राहू नये म्हणून ते दिवसभरातही उरकता येतं. राज्याभिषेकाला मुहूर्त, ऋत्विज (विधी करणारे पुरोहित), तीर्थोदक, दानं हे सगळं जमवावं लागतं. या दोन तारखा एकमेकींच्या जागी छापल्या की पुढचे सगळे संदर्भ चुकतात.

पेशव्यांना यातलं काहीच नाही. त्यांना छत्रपतींकडून पेशवाईची वस्त्रं मिळत. 'बाजीरावाचा राज्याभिषेक' असं लिहिलेलं पाहिलं की कपाळावर हात मारावासा वाटतो.

शंकासुर:
मग सिंहासनारोहण म्हणजे मंचकारोहणच ना?

पोथीवाला:
नाही. सिंहासनारोहण हा राज्याभिषेकाच्या विधीतलाच उत्तरार्ध. चित्रांत शिवाजी महाराज सिंहासनावर बसलेले आणि वरून कलश ओतला जातोय असं दाखवतात, ते चूक. अभिषेक वेगळ्या आसनावर होतो. हे आसन उंबर-वडासारख्या चीक येणाऱ्या झाडाच्या, म्हणजे क्षीरवृक्षाच्या लाकडाचं असतं. श्रीमंत दरबारात वरून सोन्याने मढवतात. ओल्या अंगाने कोणी सिंहासनावर चढत नाही. अभिषेक, मग वस्त्रं-अलंकार, मग सिंहासन आणि वर छत्र.

अभिषेकाच्या आधी मृत्तिकास्नान. अग्निपुराणात कुठली माती कुठे लावायची ते नेमून दिलंय: डोक्याला डोंगरमाथ्याची, कानांना वारुळाची, उजव्या दंडाला हत्तीने सुळ्याने उकरलेली, डाव्याला बैलाने शिंगाने उकरलेली. त्यानंतर चार दिशांना चार वर्णांचे अमात्य उभे राहतात. पूर्वेला सोन्याच्या कलशात तूप, दक्षिणेला चांदीच्या कलशात दूध, पश्चिमेला तांब्याच्या कलशात दही, उत्तरेला मातीच्या घटात पाणी. रायगडावर हीच चौकट अष्टप्रधानांना लावली होती. पूर्वेला तुपाचा सुवर्णकलश घेऊन मोरोपंत पेशवे, दक्षिणेला दुधाचा रौप्यकलश घेऊन हंबीरराव मोहिते. म्हणजे नुसतं 'सात नद्यांचं पाणी ओतलं' एवढ्यावर भागत नाही.

आणि त्याच्याही आधी मुंज. उपनयन झालं नसेल तर वैदिक मंत्रांनी अभिषेक करता येत नाही. म्हणून गागाभट्टांनी ज्येष्ठ शुद्ध चतुर्थीला महाराजांची मुंज लावली, मग तुळादान (सोन्याने तुला करून दान) आणि राण्यांशी समंत्रक विवाह झाले, आणि त्रयोदशीला अभिषेक. पुढे आश्विनात निश्चलपुरी गोसाव्याने केलेला दुसरा राज्याभिषेक तांत्रिक पद्धतीचा. 'राज्याभिषेक' एवढंच लिहिलं तर पहिला समजायचा.

तळटीप:
पट्टाभिषेक राहिला.

पोथीवाला:
पट्ट म्हणजे कपाळावर बांधायची सोन्याची पट्टी. पट्टराणीतला पट्ट हाच. वराहमिहिराने बृहत्संहितेत मापं दिली आहेत: राजाचा पट्ट मध्यभागी ८ अंगुळं रुंद, राणीचा ७, युवराजाचा ६, सेनापतीचा ४, आणि मर्जीतल्या माणसाला द्यायचा प्रसादपट्ट २. लांबी रुंदीच्या दुप्पट, कडेला रुंदी निम्मी. राजाच्या पट्टाला पाच शिखा (वर आलेली टोकं), राणीच्या आणि युवराजाच्या तीन-तीन, सेनापतीच्या एक, प्रसादपट्टाला एकही नाही. पत्रा ठोकताना सहज पसरला तर राजाची भरभराट. मधोमध तडकला तर तो टाकून द्यायचा. (अशुद्ध सोनं ठोकताना तडकतंच, त्यामुळे यात सोनाराचीही परीक्षा होत असणार.) दक्षिणेकडे राज्याभिषेकाला सर्रास पट्टाभिषेक म्हणतात, मराठीत तो शब्द जैन भट्टारकांच्या (मठाधिपतींच्या) संदर्भात जास्त भेटतो.

शुद्धाशुद्ध:
लेखनाचं सांगून टाकते. 'राज्यभिषेक' चूक, राज्य + अभिषेक, संधीत 'ज्या' होतो. 'अभिशेक' तर नकोच. धातू सिच्, म्हणजे शिंपणे. 'अभि'मधल्या इकारामुळे स चा ष होतो. तसंच 'अनभिषिक्त सम्राट'. वाक्यात 'गागाभट्टांनी महाराजांना राज्याभिषेक केला' किंवा 'महाराजांनी राज्याभिषेक करवून घेतला'. 'महाराजांनी राज्याभिषेक केला' म्हटलं की दुसऱ्या कोणाला तरी केला असा अर्थ निघतो.

मोडीवाचक:
जुनी पत्रं वाचणाऱ्यांसाठी एक भर. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकापासून मोजलेल्या राज्याभिषेक शकाचं वर्ष चैत्र पाडव्याला बदलत नाही, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला बदलतं. पत्राची मिती त्रयोदशीपासून फाल्गुनअखेरपर्यंतची असेल तर १५९५ मिळवा, शालिवाहन शक मिळेल. पाडव्यापासून ज्येष्ठ शुद्ध द्वादशीपर्यंतची असेल तर १५९६ मिळवायचे. वैशाखातलं पत्र, 'राज्याभिषेक शक १': ते शके १५९७ चं, १५९६ चं नव्हे. शके १५९६ च्या वैशाखात राज्याभिषेक व्हायचाच होता.

तळटीप:
वाक्य बदललं: 'राजे चार्ल्स यांचा राज्याभिषेक ६ मे २०२३ रोजी झाला.' त्याच मजकुरात जपानच्या सम्राटांचाही २०१९ चा 'राज्याभिषेक' आहे.

पोथीवाला:
तिथे मुकुटही नाही, तेलही नाही. १ मे २०१९ चं राज्यारोहण, २२ ऑक्टोबरचा राज्यारोहण सोहळा असं लिहा.