युरोपात शिकत असताना कमी खर्चात आणि निवांत भटकंती कशी करावी?

रानफूल:

नमस्कार. मी मूळची सांगलीची असून सध्या जर्मनीतील आखेन येथे पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. हिवाळी सत्राच्या परीक्षा फेब्रुवारीत संपतील आणि उन्हाळी सत्राचे वर्ग एप्रिलमध्ये सुरू होतील. या मधल्या सुट्टीत युरोप पाहण्याची माझी फार इच्छा आहे. वसतिगृहातील मित्रमैत्रिणींनी बेत आखला आहे तो असा, की अनेक देशांत रेल्वेने फिरण्यासाठीचा इंटररेलचा पास काढावा, शक्य तितक्या रात्री गाडीत झोपावे आणि पॅरिस, बार्सिलोना, रोम, व्हेनिस, व्हिएन्ना, प्राग व बर्लिन ही शहरे एका दमात पाहून यावीत. त्यांचा उत्साह मला समजतो, परंतु माझे मन त्या बेतात रमत नाही.

त्याचे कारण सांगते. हिवाळा सुरू होण्यापूर्वी एका रविवारी मी आखेनजवळ जर्मनी, बेल्जियम आणि नेदरलँड्स या तीन देशांच्या सीमा जिथे मिळतात त्या ठिकाणी चालत गेले होते. तिथली टेकडी जेमतेम ३२२ मीटर उंच आहे, पण नेदरलँड्सच्या युरोपातील भूमीवर तेच सर्वांत उंच ठिकाण आहे. तिथे भेटलेल्या एका डच आजोबांनी मोठ्या अभिमानाने मला त्यांचे ‘शिखर’ दाखवले आणि तुमच्या राज्यातले सर्वांत उंच शिखर किती मीटरचे आहे, असे विचारले. कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे असे मी सांगताच त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मला गंभीरपणे अभिवादन केले आणि मग आम्ही दोघेही बराच वेळ हसत राहिलो. एखाद्या प्रसिद्ध वास्तूसमोर काढलेल्या छायाचित्रापेक्षा अशा भेटी मला अधिक हव्या आहेत.

तेव्हा ज्यांनी विद्यार्थिदशेत युरोपात प्रवास केला आहे त्यांनी कृपया सांगावे की पास घ्यावा की न घ्यावा, कोणत्या भागात राहावे आणि शाकाहारी व्यक्तीचे तिथे कसे निभावते. मी काही ठिकाणी एकटीच जाणार असल्यामुळे आईला काळजी वाटते. तिला वाचून दाखवता येईल असेही काही लिहिलेत तर बरे होईल. आपले गमतीचे अनुभव तर अवश्य लिहावेत.

भटकी वाट:

रानफूल, मी संशोधनासाठी काही वर्षे जर्मनीत होतो आणि आता पुण्यात असतो. आपला ओढा योग्य दिशेला आहे असे मला मनापासून वाटते, म्हणून सविस्तर लिहितो.

पासबद्दलची एक गोष्ट आपल्या मित्रमैत्रिणींना आधी सांगा. इंटररेल हा युरोपात वास्तव्य असणाऱ्यांसाठीचा पास आहे, त्यामुळे जर्मनीचा निवास परवाना असल्यामुळे तो आपल्याला मिळतो आणि २७ वर्षांपर्यंतच्या प्रवाशांना त्यात सवलतही आहे. मात्र आपण ज्या देशात राहतो त्या देशात तो फक्त जाण्याच्या आणि परतण्याच्या अशा दोन प्रवासांसाठीच चालतो. शिवाय फ्रान्स, इटली आणि स्पेन येथील वेगवान गाड्यांसाठी पास असूनही आरक्षणाचे पैसे वेगळे भरावे लागतात. बार्सिलोना आणि रोम या दोन नावांमुळेच त्या बेताचा खर्च बराच वाढणार आहे.

आपल्या हाती त्याहून मोलाची वस्तू आधीच आहे, ती म्हणजे सत्र शुल्कात समाविष्ट असलेले विद्यार्थ्यांचे देशव्यापी तिकीट. वेगवान लांब पल्ल्याच्या गाड्या सोडल्या तर जर्मनीतील सर्व प्रादेशिक गाड्यांना, शहरांतील ट्राम आणि बसगाड्यांना ते चालते, आणि हेच तिकीट घेऊन ऑस्ट्रियातील साल्झबुर्गच्या मुख्य स्थानकापर्यंतही जाता येते. आखेनहून तिथे पोहोचण्यासाठी अख्खा दिवस आणि अनेक गाड्या बदलण्याची तयारी लागते. मी स्वतः तो प्रवास वाटेत वुर्झबुर्गला मुक्काम करून दोन टप्प्यांत करीन.

या प्रादेशिक गाड्यांची एक गंमत आहे. म्युनिकहून दक्षिणेकडील डोंगराळ भागात जाणारी गाडी वाटेतील होल्झकिर्शेन आणि शाफ्टलाख या स्थानकांवर सुटी होते आणि तिचे डबे बायरिशत्सेल, लेंगग्रीस आणि टेगर्नसे अशा तीन वेगवेगळ्या गावांकडे जातात. आमच्या गटातील दोघे खिडकीजवळची जागा मिळाली म्हणून पुढच्या डब्यात बसले आणि आम्ही मागच्या डब्यात. गाडी विलग झाली तेव्हा ते खिडकीतून आम्हाला हात हलवून निरोप देत होते, कारण समोरून दुसरीच गाडी निघाली आहे असा त्यांचा समज झाला होता. संध्याकाळी सगळे पुन्हा एकत्र जमलो तेव्हा आम्ही टेगर्नसेच्या तळ्याचे वर्णन केले, तर त्यांनी लेंगग्रीसमध्ये पाहिलेल्या इझार नदीचे आणि तिथे खाल्लेल्या गरम चीज-श्पेट्सलेचे (चीज घातलेल्या जाड, मऊ शेवयांचे), आणि माझ्या मते त्या दिवशी त्यांचीच सहल सरस झाली. गाडीत चढताना डब्यावरच्या पाटीवर गावाचे नाव वाचावे, एवढे लक्षात ठेवा.

आखेनहून सुरुवात करायची असेल तर माझी पहिली शिफारस आल्टेना या गावाची आहे. तिथल्या किल्ल्यात १९१२ साली रिखार्ड शिरमान या शिक्षकाने जगातले पहिले कायमस्वरूपी युवा वसतिगृह सुरू केले. मुलांना घेऊन पायी सहलीला निघाल्यावर रात्री निवारा कुठे मिळणार, या अडचणीतून त्यांना ही कल्पना सुचली होती. त्या काळातल्या लाकडी खाटांच्या खोल्या अजूनही जपून ठेवलेल्या आहेत आणि किल्ल्यात आजही विद्यार्थी मुक्काम करतात. आपण सर्व जण जगभर ज्या स्वस्त वसतिगृहांच्या भरवशावर हिंडतो, त्यांची सुरुवात पाहायला आखेनच्याच राज्यात, हातातल्याच तिकिटावर जाता येते हे किती छान आहे!

दुसरी शिफारस ट्रियर आणि लक्झेंबर्गची. ट्रियरला रोमन काळातील पोर्टा निग्रा हे काळवंडलेल्या दगडाचे महाद्वार आहे, आणि तिथून लक्झेंबर्ग साधारण ५० किलोमीटरवर आहे. त्या देशात २९ फेब्रुवारी २०२० पासून रेल्वेचा दुसरा वर्ग, ट्राम आणि बस सर्वांसाठी विनामूल्य आहेत, परदेशी पाहुण्यांसाठीसुद्धा. आम्ही ट्रियरमध्ये राहून रोज सकाळी सीमा ओलांडत असू आणि समोर जी बस उभी दिसेल तिच्यात बसत असू. अशाच एका बसने आम्हाला व्हियान्देनच्या किल्ल्यापाशी आणून सोडले.

एक सूचना आणखी. परीक्षा लवकर संपल्या तर कोलोनचा कार्निव्हल चुकवू नका. सोमवारच्या मिरवणुकीत रथांवरून गोळ्या-चॉकलेटांचा वर्षाव होतो हे आपण ऐकले असेलच, पण त्याआधीच्या गुरुवारी बायका पुरुषांचे टाय कात्रीने कापतात. माझा एक सहकारी त्याच गुरुवारी नोकरीच्या मुलाखतीला नवा टाय लावून निघाला होता. रेल्वे स्थानकावर एका आजींनी तो अर्ध्यावर कापला, गालाचा मुका घेतला आणि छातीवर कागदाचे फूल लावून दिले. मुलाखत घेणाऱ्यांनी अर्धा टाय पाहून टाळ्या वाजवल्या, आणि त्याला ती नोकरी मिळाली.

दूर्वा:

भटकी वाट यांनी जर्मनीचे उत्तम लिहिले आहे, म्हणून मी पूर्वेकडचे आणि आपल्या आईंसाठीचे लिहिते. मी व्हिएन्नात शिकत होते आणि बहुतेक प्रवास एकटीने केले.

मुलींसाठी स्वतंत्र खोल्या असलेली वसतिगृहे जवळजवळ प्रत्येक मोठ्या शहरात मिळतात. मी मुक्कामाच्या ठिकाणी अंधार पडण्यापूर्वी पोहोचण्याचा नियम ठेवला होता आणि त्यापायी एखादे ठिकाण सोडावे लागले तरी सोडले. संपूर्ण युरोपीय संघात मदतीसाठी ११२ हा एकच क्रमांक चालतो, तो आईंनाही सांगून ठेवा. जर्मनीच्या परवान्यावर शेंगेनमधील, म्हणजे आपसांतील सीमा खुल्या ठेवणाऱ्या गटातील, इतर देशांत कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत फिरता येते, पण सीमा दिसत नसल्या तरी पासपोर्ट आणि निवास परवाना दोन्ही मूळ स्वरूपात जवळ हवेत. सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने आपल्या सर्व भूसीमांवर तपासणी पुन्हा सुरू केली आहे आणि रात्रीच्या बसमध्ये पोलीस झोपेतून उठवून कागद पाहतात.

जेवणाचे म्हणाल तर शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही, परंतु चौकशी करावी लागते. बेल्जियममधील प्रसिद्ध बटाट्याचे तळलेले काप पारंपरिक पद्धतीत गुरांच्या चरबीत तळतात, त्यामुळे तिथे तेल कोणते आहे ते विचारल्याशिवाय खाऊ नका. अस्सल पार्मेझान चीज करताना वासराच्या जठरातील विरजण वापरतात, हेही अनेकांना ठाऊक नसते. पोलंडमध्ये बटाटा आणि ताज्या चीजचे सारण भरलेले ‘पिएरोगी रुस्किए’ मागा आणि वर मांसाचे तुकडे घालू नका असे आधीच सांगा. बुडापेस्टला लांगोश नावाचा तळलेल्या मैद्याचा मोठा गरम तुकडा लसूण, घट्ट आंबट साय आणि चीज घालून देतात. त्या एका लांगोशवर माझी दुपार निघत असे. व्हिएन्नात पाण्याची बाटली विकत घेऊ नका, कारण १८७३ पासून त्या शहरात आल्प्समधील झऱ्यांचे पाणी नळाला येते आणि ते फार गोड आहे.

आपण सांगलीच्या, म्हणजे भडंग बरोबर असणारच. ते जास्तच ठेवा. क्राकुफहून व्रोत्सवाफला जाताना मी आठ आसनांच्या जुन्या बंद डब्यात बसले होते आणि समोरच्या आजींनी न बोलता माझ्या हातावर सोललेले सफरचंद ठेवले. मी भडंगाचा डबा पुढे केला. त्यांनी आधी त्यातला तळलेला लसूण वेचून खाल्ला, मग पिशवीतून मिठाच्या पाण्यात मुरवलेल्या काकड्यांची बरणी काढली आणि भडंगाबरोबर काकडी कशी खायची ते मला करून दाखवले. शेजारी बसलेला तरुण सैनिकही थोड्या वेळाने सामील झाला. आम्हा तिघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, तरी व्रोत्सवाफ येईपर्यंत डबा आणि बरणी दोन्ही रिकामे झाले. खरोखर सांगते, भडंग आणि खारवलेली काकडी हा मेळ उत्तम लागतो.

व्हिएन्नाला गेलात तर सरकारी ऑपेरागृहाचे उभ्याने पाहण्याचे तिकीट घ्या. अत्यंत कमी पैशांत जगातील उत्तम गायन ऐकायला मिळते, आणि प्रत्येक जागेसमोर संवादांचे भाषांतर दाखवणारा छोटा पडदा असतो. आपली जागा राखण्यासाठी कठड्याला गळपट्टा बांधण्याची तिथली जुनी प्रथा आहे. मी इरकली ओढणी बांधली होती. मध्यंतरानंतर परत आले तर दोन वृद्ध रसिक तिच्या काठाचा पोत निरखत उभे होते, आणि पुढचा अंक सुरू होईपर्यंत मी त्यांना इरकलीची माहिती देत होते.

लोहमार्ग:

वरील दोघांच्या मताचा आदर ठेवून पासच्या बाजूने दोन शब्द लिहितो. पास वाईट नाही. त्यावर मोठ्या राजधान्या कोंबणे वाईट. स्वित्झर्लंडमध्ये सुटी तिकिटे फार महाग असल्यामुळे तिथे पास उपयोगी पडतो. सेंट मॉरिट्झहून इटलीतील तिरानोपर्यंत जाणारा बर्निना मार्ग १९१० साली पूर्ण झाला. तो २,२५३ मीटर उंचीवरून दात्यांच्या चाकाची मदत न घेता खिंड ओलांडतो आणि ४२९ मीटरवर उतरतो. २००८ पासून तो जागतिक वारशाच्या यादीत आहे. पर्यटकांसाठीच्या विशेष गाडीला आरक्षण लागते, पण त्याच रुळांवरून धावणाऱ्या साध्या गाडीला लागत नाही आणि तिच्या काही खिडक्या उघडतात. नेरळहून माथेरानच्या गाडीत बसलेल्या कोणालाही तिथली वळणे पाहून आनंद होईल. ब्रुझिओच्या वर्तुळाकार पुलावर गाडीला स्वतःचेच शेपूट दिसते, तेव्हा डब्यातील लहान मुले मागच्या डब्यातील अनोळखी माणसांना हात करतात आणि ती माणसेही न चुकता उत्तर देतात. मार्चमध्ये वर बर्फ असेल आणि तिरानोत कदाचित स्वेटर काढावा लागेल.

मार्चच्या शेवटच्या रविवारी पहाटे दोनचे तीन वाजतात, हेही ध्यानात असू द्या. त्या रात्री प्रवासात असलात तर तास कुठे गेला याची डब्यात मोठी चर्चा रंगते.

रानफूल:

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. आईला सगळे वाचून दाखवले. ११२ क्रमांक तिने स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवला आहे आणि भडंगाची पिशवी पाठवण्याची तयारीही सुरू केली आहे. मी आता असे ठरवले आहे की आधी आल्टेना, मग ट्रियरमध्ये राहून लक्झेंबर्ग, त्यानंतर वुर्झबुर्गमार्गे साल्झबुर्ग आणि तिथून व्हिएन्ना करावे. पास या वेळी घेत नाही. बर्निना उन्हाळ्यासाठी राखून ठेवते. फक्त पॅरिसमधील लुव्र संग्रहालय पाहण्याची लहानपणापासूनची इच्छा आहे आणि मैत्रिणी तिथे दोन दिवस थांबणार आहेत, म्हणून सुरुवातीला त्यांच्याबरोबर जाण्याचा विचार आहे. माझे वय २३ आहे. तिथे विद्यार्थ्यांना काही सवलत मिळते का?

दूर्वा:

विद्यार्थी म्हणून नाही, पण वय आणि वास्तव्य यांमुळे आपल्याला लुव्र पूर्णपणे विनामूल्य आहे. युरोपीय आर्थिक क्षेत्रात राहणाऱ्या २६ वर्षांखालील सर्वांना ही सोय मिळते आणि त्यासाठी नागरिकत्वाची अट नाही. दारावर जर्मनीचा निवास परवाना दाखवावा लागतो. तिकीट शून्य युरोचे असले तरी संकेतस्थळावरून वेळ आधी राखून ठेवा. ओर्से संग्रहालयातही आपल्याला अशीच मोफत प्रवेशाची सोय आहे. लुव्र मंगळवारी आणि ओर्से सोमवारी बंद असते, त्यामुळे दोन दिवस निवडताना तेवढे पाहा. बुधवारी आणि शुक्रवारी लुव्र रात्री ९ वाजेपर्यंत उघडे असते आणि सायंकाळी गर्दी पुष्कळ ओसरते, म्हणून मैत्रिणींना दुपारी शहर पाहू द्या आणि संग्रहालयात संध्याकाळी जा.