वजन तीन आठवडे अडकले आहे. याला ‘प्लॅटो’ म्हणावे का?

प्रश्न (धरमपेठ, नागपूर)

माझे वय ४७ असून काम पूर्णपणे बैठे आहे. डिसेंबरच्या आरंभी वजन ८१.६ किलो होते. रात्रीचा भात बंद करून ज्वारीची भाकरी, साखरेचा चहा दिवसाला एकच आणि सकाळी फुटाळा तलावावर पाऊण तास चालणे, एवढ्यावर ते एप्रिलच्या सुरुवातीला ७५.४ पर्यंत उतरले. त्यानंतरच्या तीन सोमवारी मात्र काट्याने ७५.५, ७५.२ आणि ७६.१ असे आकडे दाखवले. जेवणात आणि चालण्यात काहीही बदल केलेला नाही. एक मैत्रीण दुपारचा भातही सोडायला सांगते, तर दुसरी थायरॉईड तपासायला. वजन खरोखर अडकले आहे, हे नेमके केव्हा समजावे?

उत्तर १

ताई, आपल्याच आकड्यांवरून पाहू. चार महिन्यांत सव्वासहा किलो, म्हणजे आठवड्याला सुमारे साडेतीनशे ग्रॅम. या वेगाने तीन आठवड्यांत जेमतेम एक किलो उतरणार, आणि अंगातील पाणी, मीठ व पोट साफ होणे न होणे यांमुळेच वजन दिवसागणिक एक-दीड किलो मागेपुढे होऊ शकते. तेव्हा उतरलेला किलो त्या चढउतारात सहज लपतो. शिवाय वजन करायला सोमवार हा सर्वांत वाईट वार आहे. रविवारी माझ्याकडे सावजी रस्सा आणि भात होतो. त्यातील मीठ पाणी धरून ठेवते, आणि शरीर भाताची साखर ग्लायकोजेन म्हणून साठवते तेव्हा दर ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणीही साठते. सोमवारी ‘वाढलेले’ माझे वजन बुधवार-गुरुवारपर्यंत आपोआप उतरते.

म्हणून रोज सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर आणि चहापूर्वी वजन करून सात दिवसांची सरासरी काढावी. पाळी सुरू असल्यास या महिन्यातील आठवड्याची तुलना मागच्या महिन्यातील त्याच आठवड्याशी करावी. चार आठवडे सरासरी हलली नाही आणि कमरेचे मापही तेवढेच राहिले, तर वजन अडकले असे मी म्हणेन, त्याआधी नाही.

उत्तर २

वरील मत मला मान्य आहे, परंतु ‘काहीही बदल केलेला नाही’ या वाक्यापाशी मी थांबलो. ८१ किलोच्या शरीराला जेवढे अन्न कमी पडत होते, तेवढेच ७५ किलोच्या शरीराला पुरू लागते. चालण्यालाही आता कमी ऊर्जा लागते, आणि वजन उतरत असता शरीर एरवीचा खर्चही थोडा आवरते. त्यामुळे काहीही न बदलणे हेच एक दिवस वजन थांबण्याचे कारण ठरते.

दुसरे म्हणजे, बदल झालेला नाही असे मलाही प्रामाणिकपणे वाटत होते. आमच्याकडे तेलाचा पाच लिटरचा डबा येतो आणि तो उघडल्याची तारीख त्यावर पेनाने लिहायची माझी सवय आहे. आम्हा चौघांना एक डबा ६२ दिवस पुरला आणि पुढचा ४१ दिवसांत संपला. म्हणजे माणशी रोज नऊ ग्रॅम तेल वाढले, आणि ग्रॅममागे नऊ धरल्यास ८० हून अधिक कॅलरी! भाजी तीच होती, पण तर्री परत आली होती. गोळाभातावर वरून घेतलेले गरम तेल तर मी कधी हिशेबात धरलेच नव्हते.

उत्तर ३

ऋतूही लक्षात घ्यावा, ताई. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४३-४४ च्या पुढे गेला की चालून आल्यावरही माणूस उरलेला दिवस कूलरसमोर बसून काढतो, आणि जेवण बदलले नाही तरी कैरीचे पन्हे, उसाचा रस आणि आमरस घरात येतातच. पाणी आणि ताक भरपूर घ्यावे. गूळ-साखर मात्र मोजावी.

थायरॉईडविषयी म्हणाल तर, थकवा, बद्धकोष्ठ, कोरडी त्वचा किंवा थंडी सहन न होणे यांपैकी काही असल्यास टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) करून घ्यावे. परंतु थायरॉईड मंदावल्याने वाढणारे वजन बहुधा थोडेच असते आणि त्यातही पाणी व मीठच जास्त असते. स्टिरॉईड, इन्सुलिन किंवा नैराश्यावरील काही औषधांनीही वजन वाढते. असे औषध नव्याने सुरू झाले असेल, तर ते स्वतःहून बंद न करता डॉक्टरांशी बोलावे. दुपारचा भात इतक्यात सोडू नये. वाटीने मोजून घ्यावा.

प्रश्नकर्तीचे उत्तर (पंधरा दिवसांनी)

सर्वांचे आभार. रोज वजन केले. पहिल्या आठवड्याची सरासरी ७५.६ आणि दुसऱ्याची ७५.३ आली. मधल्या सोमवारी ७६.२ पाहून जीव खालीवर झाला होता, पण गुरुवारी ७५.० होते. कमरेचे जुने माप घेतलेले नव्हते, म्हणून डिसेंबरात शिवलेल्या कुर्त्याची शिंप्याची पावती शोधली. त्यावर ३८ इंच लिहिले आहे. आज टेप ३६ वर येते. यावरून मागच्या तीन आठवड्यांचे काही कळत नाही, हे मी जाणते, त्यामुळे महिनाभर सरासरी लिहून मगच ठरवीन. पन्ह्याचे मात्र खरे निघाले: दुपारी कार्यालयातून आल्यावर एक आणि रात्री एक, असे दोन पेले मी रोज घेत होते. तेलाच्या नव्या डब्यावर तारीखही घातली आहे, आणि ती कशासाठी, असे सासूबाई दोनदा विचारून गेल्या आहेत.