पॉटीवर बसायलाच तयार नाही

तुमची अडीच वर्षांची लेक पॉटीवर बसवलं की ताठ होते, रडते आणि डायपर घातला की पाच मिनिटांत पडद्यामागे जाऊन शी करते, हे वाचून हसूच आलं, आमच्याकडे सेम हेच चालू होतं (आमचा सोफ्यामागे जायचा). वरती कोणीतरी लिहिलंय की बसवूनच ठेवा, होईल सवय, ते मात्र मला अजिबात पटत नाही. आम्ही तेच केलं आणि लेकाने शी दाबून धरायला सुरुवात केली, मग ती कडक झाली, दुखायला लागलं, दुखतं म्हणून अजून दाबायचा, असं चक्रच सुरू झालं. शेवटी डॉक्टर म्हणाले आधी बद्धकोष्ठता बरी करू, ट्रेनिंग नंतर बघा. आणि हो, असं दाबणाऱ्या मुलांच्या चड्डीला पातळ शी लागत राहिली तर ते जुलाबच असतील असं नाही, कधीकधी आत कडक खडा अडकलेला असतो आणि पातळ शी त्याच्या बाजूने झिरपते, तेव्हा दाखवून घ्या.

मग महिनाभर पॉटीचं नावच काढलं नाही. नंतर फक्त जेवण झाल्यावर पाचेक मिनिटं, कारण पोटात अन्न गेलं की आतड्यांची हालचाल वाढते, आणि पायाखाली स्टूल, पाय लोंबकळत असले की जोर लावता येत नाही ना. सुरुवातीला तर डायपर घालूनच बसू दिलं, सासूबाई वैतागल्या, पण चाललं. रात्रीचा डायपर एवढ्यात काढू नका, रात्रीचा कंट्रोल कित्येकांना पाच वर्षांपर्यंतही येत नाही.