मदत हवी आहे: गोडाऊनमध्ये ड्रम गळतोय, पाण्याने धुऊन टाकू का?

रबाळे_गाळा
रबाळे एमआयडीसीत छोटं युनिट आहे. मागच्या गोडाऊनमध्ये ड्रम बुडातून गळतोय, फरशीभर पसरलंय. पोरं म्हणतात पाइप लावून गटारात ढकलू. चालेल का? लवकर सांगा.

ऐरोलीकर
कशाचा ड्रम? किती लिटरचा?

रबाळे_गाळा
थिनरचा, मोठा ड्रम. पाणी मारू की नको तेवढंच सांगा ना.

प्लांटवाला_महापे
नको! भाऊ, आधी १०१ लावा. सगळ्यांना बाहेर काढा आणि वारा येतोय त्या बाजूला उभं करा. थिनर नावाखाली काहीही विकतात. ड्रमवर चार आकडी यूएन नंबर (धोकादायक मालाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) असेल तो सांगा. दुरून दिसत नसेल तर आत जाऊ नका, मालाच्या चलनावर बघा.

तुर्भे_पेंट्स
एवढं घाबरायचं काय त्यात? आमच्याकडे सांडलं की सरळ सीओटू (कार्बन डायऑक्साइडचं अग्निशामक) मारतो आणि एक्झॉस्ट लावतो. दहा मिनिटांत वास गायब.

प्लांटवाला_महापे
कृपा करून हे कोणी करू नका. सीओटू सुटताना नळकांड्यावर स्टॅटिक (स्थिर वीज) तयार होतं. अजून न पेटलेली वाफ त्याच ठिणगीने पेटू शकते. एक्झॉस्ट एफएलपी (ठिणगी बाहेर न येऊ देणारा, फ्लेमप्रूफ) नसेल तर बटण दाबताच तेच. आतल्या कुठल्याच स्विचला हात नको, लाइट घालवायची तर लांबच्या मेनवरून.

रबाळे_गाळा
फायर ब्रिगेडला फोन झाला, निघालेत म्हणे. चलनावर १२९४ आहे.

प्लांटवाला_महापे
म्हणजे टोल्यूइन. फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला वाफ ठिणगीने पेटू शकते) ४ अंश सेल्सिअस, आपल्याकडच्या उन्हात ते कधीही पेटायच्या तयारीतच असतं. पाण्यात विरघळत नाही, वर तरंगतं. पाइप मारलात तर तवंग गटारातून पुढच्या गाळ्यांपर्यंत जाईल. वाफ हवेच्या तिप्पट जड, ती जमिनीलगत सरकते. लांब कुठे ठिणगी मिळाली की आग उलटी तुमच्या गोडाऊनपर्यंत येते. बाजूला काय चालू आहे?

रबाळे_गाळा
पलीकडे फॅब्रिकेशन आहे, वेल्डिंग चालू असतं. आणि गटारावर चहाची टपरी.

प्लांटवाला_महापे
अहो, हे पहिल्या ओळीत सांगायचं! दोघांनाही आत्ताच्या आत्ता बंद करायला लावा. वासात न जाता जमत असेल तरच गटाराच्या तोंडाशी वाळूचा बांध घाला. भुसा, चिंध्या नकोत, त्या स्वतःच जळतात.

फोम_एक्स्पर्ट
ब्रिगेडला एआर फोम (अल्कोहोलसारख्या द्रवांवरही टिकणारा आग विझवायचा फेस) आणायला सांगा, साधा फोम सॉल्व्हंटवर टिकतच नाही.

प्लांटवाला_महापे
सरसकट तसं नाही. अॅसिटोन, मिथेनॉल पाण्यात मिसळतात आणि साध्या फोमचा थर फोडतात, तिथे एआर लागतो. टोल्यूइनवर साधा एएफएफएफ (द्रवावर पातळ थर धरणारा फोम) चालतो. त्यांना फक्त यूएन नंबर सांगा, बाकी ते बघतील.

फोम_एक्स्पर्ट
मिक्स थिनर निघालं तर? एआर दोन्हीकडे चालतो, म्हणून मी तोच सांगतो.

प्लांटवाला_महापे
हो, माल भेसळीचा असेल तर तुमचं बरोबर.

नियमवाला
फ्लॅश पॉइंट २३ अंशांखाली म्हणजे पेट्रोलियम नियमांत वर्ग ए. पेसोचा (ज्वलनशील आणि स्फोटक मालावर देखरेख करणारी केंद्राची संस्था) परवाना आहे का? साठा किती? नसेल तर आधी अर्ज करा.

ऐरोलीकर
साहेब, त्यांचा ड्रम गळतोय. परवान्याचं उद्या बोलू.

डोंबिवलीची_सून
डोंबिवलीत मे २०१६ ला आणि पुन्हा मे २०२४ ला स्फोट झाले, लांबच्या घरांच्या काचा फुटल्या. आपल्या पट्ट्यात गाळ्याला गाळा लागून आहे, म्हणून विचारते: शेजारच्या गाळ्यांना सांगितलंत का?

कोपरखैरणे_रहिवासी
आमच्याकडे रात्री असाच उग्र वास येतो. तक्रार कुठे करायची कोणी सांगेल का?

ऐरोलीकर
दादा, वेगळा धागा काढा. प्रदूषण नियंत्रण मंडळाचं सविस्तर तिथे लिहितो.

रबाळे_गाळा
गाडी आली. त्यांनी फोमचा थर दिला, मग ड्रम असा वळवला की भोक वरच्या बाजूला आलं. गळती थांबली. वेल्डिंग बंद आहे, शेजारचे दोन्ही गाळे रिकामे केले. आता ही भिजलेली वाळू कचऱ्याच्या गाडीत देऊ का?

प्लांटवाला_महापे
नाही. ती वाळू अजून वाफ सोडते. झाकणाच्या लोखंडी पिंपात भरा, लोखंडी फावडं वापरू नका, ठिणगी पडते. पिंप सावलीत, मोकळ्या हवेत ठेवा. ती घातक कचरा म्हणून नोंदवून तळोज्याच्या साइटवर जाते. ब्रिगेडने आत जायला हरकत नाही म्हटल्याशिवाय कोणाला पाठवू नका. आणि गटाराचं पुढचं चेंबरही त्यांच्याकडून गॅस मीटरने तपासून घ्या. टपरीवाल्याने त्यानंतरच स्टोव्ह पेटवायचा.