कुजणारं, विरणारं की विघटनशील?

सांधेजोड: मालाच्या खोक्यांभोवती गुंडाळायच्या पातळ प्लास्टिकचं लेबल मराठीत करतोय. मूळ मजकुरात तीन दावे आहेत: बायोडिग्रेडेबल, कंपोस्टेबल, बायोबेस्ड. मी अनुक्रमे 'जैवविघटनशील', 'कंपोस्टयोग्य', 'वनस्पतिजन्य' लिहिलं. तपासणाऱ्याने तिन्ही ठिकाणी 'जैवविघटनशील' केलं आणि शेरा मारला, 'अर्थ एकच'. काय उत्तर देऊ?

उंबरठा: एकच कसा? उसाच्या अल्कोहोलपासून पॉलिथिन करतात. ते वनस्पतिजन्य खरं, पण नेहमीच्या पॉलिथिनइतकंच चिवट. उलट पीबीएटी नावाचं प्लास्टिक सहसा खनिज तेलापासून होतं आणि तरी कुजतं. माझं भांडण मात्र 'शील'शी आहे. शील म्हणजे स्वभाव, सहनशील, विचारशील. जैवविघटनशील म्हणून विकतात त्या पीएलए प्लास्टिकचा कुजायचा स्वभाव कुठाय? त्याला खतप्रकल्पातली ५८ अंशांच्या आसपासची ऊब लागते, समुद्रात ते वर्षानुवर्षं तसंच राहतं. 'जैवविघटनक्षम' म्हणा.

जाडाभरडा: अहो, आठ अक्षरं! 'कुजणारं' म्हणा की सरळ.

सांधेजोड: 'कुजणारं' वाचून माल कोण गुंडाळेल त्यात? पोचायच्या आधीच कुजलं तर, असं वाटणार.

जाडाभरडा: मग 'विरणारं'.

उंबरठा: तो तर मुळीच नको. कापड विरतं तेव्हा झिरझिरीत होतं, त्याची माती होत नाही. ऑक्सो-डिग्रेडेबल म्हणून प्लास्टिक विकतात त्याची हीच गत: बारीक तुकडे होतात, प्लास्टिक उरतंच. युरोपीय संघाने २०१९ च्या निर्देशात त्यावर बंदी घातली ती उगाच नव्हे. 'विरणारं' त्याच्यासाठी राखून ठेवा.

मोजपट्टी: 'कंपोस्टयोग्य' अजिबात सोडू नका. त्याला मुदत आहे. ईएन १३४३२ या युरोपीय मानकात ६ महिन्यांत ९० टक्के विघटन व्हावं लागतं, तेही औद्योगिक कंपोस्टच्या परिस्थितीत. नुसत्या 'जैवविघटनशील'ला कसली मुदत? शंभर वर्षांनी कुजलं तरी शब्द खराच.

शब्दवेल्हाळ: विशेषणावरच सगळे तुटून पडलात, नामाचं काय? 'रॅप' तसंच ठेवणार? आपल्याकडे 'बासन' आहे.

जाडाभरडा: बासनात गुंडाळलेलं कधी मुक्कामी पोचल्याचं ऐकलंय का?

शब्दवेल्हाळ: वाक्प्रचाराची शिक्षा शब्दाला कशाला? बरं, बासन नको तर 'वेढा' घ्या. संस्कृत वेष्ट्, त्याचं प्राकृतात वेढ, त्यावरून वेढणे. म्हणजे 'वेष्टन'चा घरचाच भाऊ. खोक्यांच्या थप्पीभोवती फिल्म ताणून फिरवतात, तो वेढाच झाला. 'वेटोळं'ही त्यातलंच.

उंबरठा: वेढा किल्ल्याला पडतो, खोक्याला नाही.

सांधेजोड: मंडळी, तपासणाऱ्याला काय कळवू?

मोजपट्टी: 'वेटोळं' त्यातलं कसं? ष्ट चा ढ झाला म्हणता, मग इथे ट कसा राहिला?

शब्दवेल्हाळ: राहतो कधी कधी. 'इष्टिका'ची 'वीट' झाली ना?

मोजपट्टी: मग आधी तो 'व' कुठून आला ते सांगा.