स्कोपसवर एच-इंडेक्स ३, गूगल स्कॉलरवर ७: अर्जात कुठला लिहायचा?

टिळकवाडी_७: मानसशास्त्रातल्या सहयोगी प्राध्यापक पदाच्या अर्जाला प्रकाशनांचा तक्ता आणि सायटेशनचे (इतरांनी आपल्या लेखाचा संदर्भ किती वेळा दिला त्याचे) आकडे जोडायचेत. एकूण २२ लेख. स्कोपस या संशोधन-लेखांच्या डेटाबेसवर तर एकाच नावाची दोन प्रोफाइलं झालीत, एकावर एच-इंडेक्स ३, दुसऱ्यावर २. बेरीज ५ धरू का?

मार्कंडेय_काठ: बेरीज करू नका ओ, एच-इंडेक्स असा जोडत नाहीत. एच ५ म्हणजे निदान ५ सायटेशनं असलेले ५ लेख. लेख सायटेशनच्या उतरत्या क्रमाने लावा: २५, १४, ९, ६, ५, ३. पाचव्या लेखाला ५ आहेत, सहाव्याला ३च, म्हणून एच ५. दोन्ही प्रोफाइलचे लेख एकत्र लावले की आकडा ३ राहील, ४ होईल किंवा ५ही. मोजल्याशिवाय कळत नाही.

प्रोफाइल फुटायला आपल्याकडे दोन कारणं पुरतात. १ नोव्हेंबर २०१४ ला बेळगावचं इंग्रजी स्पेलिंग बदललं, त्यामुळे जुन्या आणि नव्या लेखांवर गावच वेगळं दिसतं. त्यात कुठे आद्याक्षरं आधी, कुठे आडनाव आधी. स्कोपसच्या लेखक-शोधात दोन्ही प्रोफाइलं निवडून विलीनीकरणाची विनंती टाका; वर्गणी लागत नाही. पाठवण्याआधी यादीतला प्रत्येक लेख आपलाच ना, ते तपासा. मग ऑर्किड, म्हणजे संशोधकाचा १६ अंकी ओळख क्रमांक, जोडून टाका. दुरुस्ती त्याच दिवशी होत नाही, शेवटच्या तारखेवर ठेवू नका.

शहापूर_वाचक: स्कॉलरवरचे ७ सुद्धा झाडून घ्या. लेख आपोआप जोडण्याची सोय चालू असली तर त्याच आडनावाच्या रसायनवाल्याचे पेपर येऊन बसतात. ते काढा, एकाच लेखाच्या दोन नोंदी निवडून 'मर्ज' करा. उलटही होतं, आपलेच लेख सुटतात. मराठी-कन्नड नियतकालिकांतले लेख श्रीलिपी किंवा नुडीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टात असतील तर पीडीएफमधली अक्षरं यंत्राला निरर्थक दिसतात. स्कॅन असेल तर मजकूरच नाही.

कॅम्प_कट्टा: सगळे एचच्याच मागे लागलाय! अर्ज यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीनुसार असेल तर संशोधन-गुणांच्या तक्त्यात एच-इंडेक्सचा रकानाच नाही. या पदाला किमान ७ प्रकाशनं आणि ७५ गुण लागतात. सामाजिक शास्त्रांत लेखाला १०, विज्ञानात ८. मानसशास्त्र कुठल्या विद्याशाखेत धरलंय ते जाहिरातीतच बघा. दोन लेखक असतील तर प्रत्येकी ७० टक्के. तिघांच्या लेखात प्रथम किंवा पत्रव्यवहार करणाऱ्याला ७०, बाकीच्यांना ३० टक्के. म्हणजे १० च्या लेखात तिसऱ्या नावाला ३च. बहुतेक तक्ते इथेच चुकतात.

एच लिहायचाच तर स्रोत आणि तारीख शेजारी हवी. आणि नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर 'माझी सायटेशन' म्हणून लावू नका, तो त्या नियतकालिकातल्या आधीच्या दोन वर्षांच्या सगळ्या लेखांना मिळालेल्या सायटेशनची सरासरी असतो.

टिळकवाडी_७: विनंती टाकली. २२ पैकी ९ लेखांत नाव तिसरं निघालं, तक्ता परत मांडतोय.