कुरणशाळा आज जमेल का? पाड्यावरच्या शाळेचा प्रश्न

अक्राणीचा मास्तर
धडगावच्या वर एका पाड्यावर आमची दोन शिक्षकी जिल्हा परिषद शाळा. पट 31. महूची फुलं वेचायचे दिवस आले की वर्गात नऊ-दहा टाळकी. काही घरं दिवाळीनंतरच गुजरातेत ऊसतोडीला गेलेली. उरलेली मोठी पोरं बकऱ्यांमागे. बालशिक्षणाचं काम उभं करणाऱ्या ताराबाई मोडकांनी पालघरकडच्या कोसबाडला गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणातच शाळा भरवली, असं ऐकलं. म्हणून मीही फळा खांद्यावर मारून डोंगरावर गेलो, लागोपाठ दोन दिवस. बकऱ्या पांगल्या, पोरं त्यांच्यामागे धावली, उरलो मी आणि फळा. बाईंना जमलं कसं?

निवृत्त केंद्रप्रमुख, शिरपूर
मास्तर, फळा नेलात तिथंच फसलात! गंमत बाजूला ठेवू, पण बाई काय सोडून तिकडे गेल्या ते आधी बघा. 1914 च्या बी.ए., राजकोटच्या ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य. ती खुर्ची सोडून भावनगरला गिजुभाई बधेकांच्या दक्षिणामूर्ती या शिक्षणसंस्थेत गेल्या, 1926 साली नूतन बालशिक्षण संघ उभा केला. पुढे मुंबईत दादरला शिशुविहार. एवढ्यावर नाव झालंच होतं. तरी 1945 साली, त्रेपन्नाव्या वर्षी, बोर्डीला खेड्यात बालवाडी काढायला गेल्या. अनुताई वाघ तिथंच त्यांना मिळाल्या. 1957 ला दोघी कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीत.

माँटेसरीची महागडी साधनं तिथं कोण घेणार? बिया, शंख-शिंपले, पानं, काड्या यांवरच काम भागवलं. तुमच्याकडे महूच्या टोळंब्या, म्हणजे बिया, आहेत, टेंभुर्णीची पानं आहेत. बकऱ्या मोजणं हेच गणित धरा. संध्याकाळी किती परत आल्या, किती कमी, हा हिशोब त्या पोराला तुमच्याआधी येतो.

पण माझ्या मते खरी मेख कुरणात नव्हतीच. कोसबाडच्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी होती. कडेवर भाऊ असलेली पोरगी शाळेत कशी येईल, याचं उत्तर आधी शोधलं गेलं. तुमच्या एकतीसमध्ये अशा किती आहेत, ते मोजलंत का?

अंगणवाडीताई, चोपडा
गुरुजी, अंगणवाडी हे नावच ताराबाईंच्या कामातून आलं. पोरं बालवाडीत येईनात तर बालवाडी त्यांच्या अंगणात नेली. आता आम्हाला इमारत आहे, वजनकाटा आहे, मोबाईलमध्ये भरायची माहिती आहे, अंगण तेवढं राहिलं नाही. आणि तीन वर्षांखालच्या लेकरांचा आहार आम्ही घरी देतो, लेकरू सांभाळत नाही. ते बहिणीच्याच कडेवर राहतं. तुमच्या पाड्यावरच्या ताईशी बोला. तिची वेळ आणि शाळेची वेळ जुळली तर निदान तीन ते सहा वर्षांची भावंडं तरी बहिणींच्या कडेवरून सुटतील.

जळगावकर
वाचायला छान आहे भाऊ. तपासणीला साहेब आले आणि शाळेत कुलूप दिसलं, तर वारली-बिरली सांगत बसणार का?

अक्राणीचा मास्तर
जळगावकर, कुलूप लागणार नाही. एक जण शाळेत, एक जण डोंगरावर, असं सहकाऱ्याशी ठरलंय.

केंद्रप्रमुख साहेब, मोजल्या. सात. सातही मुली. मी त्यांना रजिस्टरमध्ये ‘अनियमित’ लिहीत आलो, वर पालकांनाच दोष देत होतो. काल एकीला म्हटलं, भावाला घेऊनच ये. ती आली, आज तिच्या मागोमाग आणखी दोघी. वऱ्हांड्याच्या वाशाला जुन्या लुगड्याची झोळी बांधली. एक पोरगं त्यात झोपलं, बाकी दोघांनी खडू खाल्ला. ताईला गाठतो उद्या. तोवर कुणी सांगा, खडूऐवजी त्यांच्या हातात काय द्यावं? महूची टोळंबी गिळतील अशी भीती वाटते.